पोहण्याच्या बाई

साळूला आधी चालता आलं की पोहता, यावरून तिच्या माहेरी अजून वाद होतो. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर तिच्या बापाचं, आकारामाचं रान. थोरल्या मुलाला पोहायला शिकवायचं म्हणून आकाराम त्याला विहिरीवर घेऊन गेला, तेव्हा ही शेंबडी पोर मागं लागून आली. पोरगा पायरीला धरून भोकाड पसरून बसला आणि साळूनं धाडकन उडी मारली. बापानं घाबरून हात खाली घातला, तर ही हसत होती.

तेव्हापासून तिला पाण्याचं वेड लागलं. म्हशी धुवायला नदीवर जायचं काम ती भांडून मागून घ्यायची. म्हशी डुंबत राहायच्या आणि साळू डोहात. तळाला जाऊन मूठभर वाळू वर आणायची आणि काठावरच्या पोरांना दाखवायची. लुगडं नेसायचं वय झालं तशी आई, धोंडुबाई, म्हणाली, "आता बास. लोक नावं ठेवत्यात." साळूनं मान हलवली, पण वेड काही मान हलवून जात नाही.

लग्न होऊन ती सांगलवाडीला आली. मध्ये कृष्णा, पलीकडं सांगलीचा घाट. नवरा, कृष्णात, पलटणीत होता. लग्नानंतर वरीसभरात लढाईवर गेला. घरात ती आणि सासू राहीबाई. साळू पहाटे आंघोळीला म्हणून नदीवर जायची आणि कुणाची चाहूल नाही असं बघून मधल्या धारेपर्यंत जाऊन यायची. तेवढं झालं की दिवसभराच्या कामाला अंगात बळ यायचं.

त्रेचाळीस सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. भाजीची पाटी घेऊन साळू बाजाराला निघाली होती. घाटावर एका बाईच्या हातून तांब्याची घागर निसटली आणि गडगडत पाण्यात गेली. बाई रडायलाच लागली. "आता घरी काय तोंड दाखवू?" म्हणाली. साळूनं पाटी खाली ठेवली, कासोटा घट्ट खोचला आणि पाण्यात सूर मारला. पहिल्या खेपेला रिकामी वर आली. दुसऱ्या खेपेला इतका वेळ लागला की घाटावरचे लोक बोलायचे थांबले. मग आधी घागर वर आली आणि मागून तिला गळ्याशी धरलेली साळू.

गणपतीचं दर्शन घेऊन आलेल्या ताम्हनकरबाई पायरीवर उभ्या राहून हे बघत होत्या. मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका.

"पोहायला कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"शिकले न्हाई बाई. येतं."

"दुसऱ्याला शिकवाल?"

साळूला वाटलं, बाई थट्टा करतात. पण बाईंचा चेहरा थट्टेचा नव्हता. मागल्या पावसाळ्यात त्यांच्या शाळेतली एक मुलगी याच घाटावरून पाय घसरून वाहून गेली होती. शाळेतल्या प्रत्येक मुलीला पोहता आलं पाहिजे असं त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं. पण शिकवायला पुरुष मास्तर म्हटलं की कुठलंच घर तयार होईना, आणि पोहणारी बाई त्यांना सापडत नव्हती.

घरी येऊन साळूनं खालमानेनं सासूला सगळं सांगितलं. राहीबाई शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला नाही.

"रोज पाटंचं नदीवर काय करतीस ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "बांधावर बसून बघते मी."

"मग बोलला कसं न्हाईसा, आत्याबाई?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस." चार शेंगा आणखी फुटल्या. "जा. पर लोकाच्या लेकी हायत, डोळ्यात तेल घालून जप."

पहिल्या दिवशी बोटांवर मोजण्याइतक्या मुली आल्या. त्यांतली वत्सला वकिलांची लेक. बाप नको म्हणत असताना हट्टानं आलेली. साळूनं पाण्यात शिरून हात मारून दाखवले आणि म्हणाली, "असं करायचं." मुली बघतच राहिल्या. वत्सलेनं पुढं पाऊल टाकलं, नाकातोंडात पाणी गेलं आणि तिनं साळूच्या गळ्यालाच मिठी मारली. दोघी खाली गेल्या. वर येईपर्यंत काठावर रडारड. दुसऱ्या दिवशी निम्म्याच मुली आल्या.

साळूला त्या रात्री जेवण गेलं नाही. जे अंगाला येतं ते तोंडानं सांगता येत नाही, आपण कसल्या बाई, असं तिला वाटलं. रविवारी ती उठून माहेरी गेली.

"आबा, मला कसं शिकवलं हुतं तुमी?"

आकाराम गोठ्यात वैरण टाकत होता. "मी कुटं शिकवलं? पोटाखाली हात धरला हुता. तू तरंगाय लागलीस तसा हळूच काढला. तुला कळलंबी न्हाई."

"एवडंच?"

"एवडंच. घाई तेवडी केली न्हाई." मग तो आढ्याला वाळवून टांगलेले भोपळे काढायला लागला. "हे ने. पाठीला बांध पोरींच्या. भ्या गेलं की निम्मं काम हुतं."

सांगलीच्या घाटावर म्हातारा स्वतः भोपळ्यांचं ओझं घेऊन आला. मुली हसायला लागल्या, आणि हसता हसता पाण्यात उतरल्या. साळू आता सांगेनाशी झाली. ती हात धरायची. सुरुवातीला नुसतं पायरीवर बसून पाण्यात तोंड घालायचं. मग भोपळे. मग पोटाखाली हात. एका सकाळी वत्सला म्हणाली, "बाई, सोडू नका हं." साळू चार हात मागून म्हणाली, "सोडून लई येळ झाला, पोरी." वत्सलेनं वळून बघितलं, गडबडली, आणि तरीही बुडाली नाही.

बातमी घरोघर गेली. ज्या घरांनी नको म्हटलं होतं त्या घरांतल्या आया मुलींना घेऊन आल्या. त्यांतल्या काही जणी स्वतःच उतरू का म्हणून विचारायला लागल्या.

पुढल्या हिवाळ्यात पाणी संथ झालं तेव्हा ताम्हनकरबाईंनी ठरवलं की मुली नदी पार करतील. त्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुली ओळीनं निघाल्या आणि सगळ्यांच्या मागं साळू, एकेक डोकं डोळ्यांनी मोजत. धारेत ओळ वाकडी झाली, पण तुटली नाही. वत्सलेचे वडील लेकीला गाठायला टांगा करून पुलावरून वळसा घालून निघाले. ते पोहोचले तेव्हा लेक सांगलवाडीच्या काठावर राहीबाईच्या घोंगडीत बसून शेंगा खात होती.

वकीलसाहेब टांग्यातून उतरले. ते साळूसमोर गेले आणि हात जोडले. साळू ओल्या लुगड्यात उभी होती. तिला संकोच वाटायला हवा होता, पण वाटला नाही. तिनं सरळ मान करून नमस्कार घेतला.

त्या वर्षी शाळेनं तिला कायम केलं. गणिताच्या बाई, शिवणाच्या बाई, तशा पोहण्याच्या बाई. शिक्षकांच्या खोलीत तिची खुर्ची आली. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली. महिन्याभरात पाठ टेकून बसायला लागली.

लढाई संपली. सेहेचाळीस साली कृष्णात नाईक होऊन घरी आला, दंडावर पट्ट्या, खांद्याला ट्रंक. ओसरीवर बसून तो पाणी प्यायला आणि आईला म्हणाला, "ठेसनावर टांगेवाल्याला सांगलवाडी म्हटलं. कुणाकडं, म्हणाला. मी माजं नाव सांगितलं, पलटन सांगितली. त्याला काय ठावंच न्हाई. मग घर कुटं ते सांगितलं, तर म्हणतोय, असं सांगा की, पवायच्या बाईंचं मालक तुमी."

साळू दाराआड उभी होती. हा रागावला की काय, ते तिला आवाजावरून कळेना.

"मग तू काय म्हणालास?" राहीबाईनं विचारलं.

"म्हटलं, व्हय. त्योच मी." कृष्णात हसायला लागला. "त्यानं भाडं घेतलं न्हाई, आई. त्याची लेक हिच्याकडं शिकतीया."

साळू बाहेर आली. कृष्णातनं तिच्याकडं नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच.

"लढाईवर जाताना बोटीवर मी रोज जीव मुठीत धरून हुतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मला पवायला येत न्हाई. मला शिकवशील?"

"माझ्या वर्गाला गडीमाणूस चालत न्हाई," साळू म्हणाली. मग पदर खोचत म्हणाली, "आईतवारी सुट्टी असती. तवा चला."