यादीतले प्रभाकर दिघे

प्रभाकर दिघ्यांनी आपलं नाव मेलेल्यांच्या यादीत ऐकलं, तेव्हा त्यांच्या तोंडात इडलीचा घास होता. तो त्यांनी नीट चावून गिळला. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढ्यातेवढ्यानं ठसका लागत नाही.

दोष द्यायचाच तर समृद्धीला द्यावा. ही त्यांची मुलगी. नवीन पनवेललाच दोन सेक्टर सोडून राहते आणि दर रविवारी सकाळी नाश्ता घेऊन येते. बापाचा वेळ जात नाही म्हणून तिनं फोनवर अशी एक जागा शोधून दिली, जिथे घरबसल्या हॅम लोकांचं बोलणं ऐकता येतं. हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या घरी बिनतारी संच चालवणारी हौशी मंडळी. दिघे एके काळी त्यातले पट्टीचे. पण सतरा वर्षांत त्यांनी ह्या गोष्टीचं नाव काढलं नव्हतं, आणि मुलीनं विचारलं तर "आता काय राहिलंय त्यात" म्हणून पेपर उघडायचे.

फोनमधून आधी नुसती खरखर आली, मग त्या खरखरीतून काशिरामचा आवाज. उरणजवळच्या करंजा गावचा काशिराम कोळी, बंदरात वायरलेसवर नोकरी केलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ह्या मंडळींची हवेतल्या हवेत बैठक भरते आणि पंचवीस वर्षं तिचा कारभारी तोच. तो नावं वाचत होता. हॅम माणूस गेला की त्याला ही मंडळी 'सायलेंट की' म्हणतात. मोर्सचे कट्टकडकट्ट वाजवायची त्याची की कायमची गप्प झाली म्हणून. अशा गप्प झालेल्यांची यादी बैठकीत दर महिन्याला वाचतात, तीच चालली होती. आठवं नाव आलं.

"आमचा प्रभाकर. पनवेल," काशिराम म्हणाला, आणि नववं नाव घ्यायला त्याला जरा वेळ लागला.

समृद्धीनं कपाळाला हात लावला. "बाबा, हे तुमच्याबद्दल बोलतायत!"

"बोलू दे की. जिवंतपणी एवढ्या मायेनं कधी बोलला नाही."

थट्टा केली खरी, पण नंतर आंघोळीला गेले ते नळ सोडून बराच वेळ नुसतेच बसले. गेली सतरा वर्षं आपल्याला कुणीतरी दर महिन्याला हाक मारतंय आणि आपण ओ देत नाही, हे काही त्यांना सोसेना. काशिरामशी एकदा तरी बोलायचं, हे त्यांनी त्या नळाखालीच ठरवलं.

ठरवलं, पण बोलायचं काय? इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

तेव्हा दिघे जुन्या पनवेलात, तळ्याजवळच्या दोन खोल्यांत राहायचे. आतल्या खोलीत स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा संच, तापला की खोलीभर ऊब पसरायची; थंडीत सुनंदा, त्यांची बायको, त्याच्याजवळ हात शेकायला यायची. दिघे बोलायला लागले की शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आडव्या रेघा उठायच्या आणि भिंतीपलीकडून "दिघे, मालिका संपू द्या हो!" अशी आरोळी यायची. सुनंदा चहा ठेवायची, त्यांच्या एका कानावरचा हेडफोन दोन बोटांनी उचलायची, आणि त्या फटीत "पाणी गेलंय" किंवा "जवळा आणलाय" असलं काहीतरी सांगून हेडफोन पुन्हा जागेवर ठेवायची. ह्याहून मोठं सुख असतं, असं दिघ्यांना कुणी सांगितलंही नसतं पटलं.

आणि मग बारा नोव्हेंबरचा तो रविवार. सात वीसला दिघ्यांनी काशिरामचा निरोप घेतला होता. काशिराम म्हणाला, थांब जरा, एरियलची नवी तार बांधतोय, तिची उंची किती ठेवू ते सांग. सांगता सांगता वीस मिनिटं गेली. मागे वळून पाहिलं तर सुनंदा मोरीच्या दारात पडलेली. वीस मिनिटं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं, पण दिघ्यांच्या जन्माला पुरलं. तिनं हाक मारली होती का, हे त्यांना आजवर कळलेलं नाही, कारण कानावर हेडफोन होते.

महिन्याच्या आत त्यांनी संच, तारा, की, सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर घातलं, फोन बंद केला आणि मुलीला घेऊन नवीन पनवेलला आले. काशिरामला एका अक्षरानं कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यानं तारीख विचारली असती, वेळ विचारली असती, आणि वायरलेसवर जन्म गेलेला तो माणूस, मिनिटांचा हिशोब त्यानं तिथल्या तिथे केला असता. एका घरात एवढं दुखणं पुरे, असं दिघ्यांना वाटलं. अजूनही वाटतं.

तरी ठरवलं ते ठरवलं. परवाना कधीच संपला होता. मग अडुसष्टाव्या वर्षी इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये बसून पुन्हा परीक्षा दिली. मोर्सच्या पेपरात पोरं घामाघूम झाली आणि दिघे वेळेआधी उठले, याचा त्यांना चारचौघांत सांगण्याइतका आनंद झाला. जुनंच कॉल साईन, म्हणजे हवेवर ओळख सांगायची सरकारनं दिलेली अक्षरं, मिळावं म्हणून तीन अर्ज केले, आठ महिन्यांनी ते मिळालं. नवा संच जेवणाच्या डब्याएवढा आला. ऊब नाही, वास नाही, नुसता रंगीत पडदा. दिघे त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे दोन दिवस बघत राहिले.

मग गच्चीचं रामायण. सोसायटीचा सेक्रेटरी मिथुन म्हणाला, काका, तार बांधली तर लोकांना रेडिएशनची भीती वाटेल. त्याच गच्चीवर मोबाईल कंपनीचा टॉवर उभा होता आणि त्याच्या भाड्यातून जिन्याला ग्रॅनाइट बसलं होतं. दिघ्यांनी फक्त टॉवरकडे बोट दाखवलं. परवानगी मिळाली. तार बांधली, तर रोज सकाळी दहा वाजता जुळणीचा काटा वेडावाकडा पळायला लागला. चार दिवस त्यांनी सांधे तपासले, केबल बदलली, आणि पाचव्या दिवशी दहाला गच्चीवर जाऊन पाहतात तर तिसऱ्या मजल्यावरच्या मालूबाई आपल्या ओल्या चादरी त्या तारेवर वाळत घालत होत्या. "बरी बाई मजबूत दोरी बांधलीत," म्हणाल्या. दिघ्यांनी त्यांना शेजारी दुसरी दोरी बांधून दिली. उरलेली घरघर जिन्यातल्या एलईडी दिव्यांची निघाली. ते दिवे त्यांनी स्वखर्चानं बदलले. हेडफोन मात्र घेतला नाही. नुसता स्पीकर ठेवला, आणि खोलीचं दार सताड उघडं.

पहिल्या रविवारी बैठक भरली. काशिरामनं एकेकाची हजेरी घेतली आणि आणखी कुणी आहे का विचारलं. दिघ्यांनी बटण दाबलं, कॉल साईन सांगितलं, नाव सांगितलं.

मग काशिराम बोलला, आणि असा बोलला की स्पीकरची जाळी हलली.

"हे कॉल साईन ज्याचं होतं तो मानूस गेला. मेलेल्याची अक्षरं चोरताना लाज वाटत नाय? सगल्यांना सांगतो, ह्याला कुनी उत्तर देयाचं नाय."

आणि कुणी दिलंही नाही. हवेवर तोतया आला तर त्याला वाळीत टाकायचं, हा ह्या मंडळींचा जुना रिवाज. दिघ्यांनी तीनदा सांगून पाहिलं. तिन्ही वेळा काशिराम पुढल्या माणसाकडे वळला.

तेव्हा दिघे उठले, सदरा चढवला आणि उरणची बस धरली.

करंज्याला काशिरामच्या घराचं दार रंभानं उघडलं. ही त्याची बायको. पनवेलच्या बाजारात तिनं चाळीस वर्षं मासळी विकली. दिघ्यांना वाटलं, आता बाई किंचाळणार. पण ती किंचाळली नाही. दाराची चौकट धरून हळूच म्हणाली, "आयलाव तुमी."

किंचाळला तो काशिराम. झोपाळ्यावरून उठला, दिघ्यांचं मनगट धरलं, गाल चाचपले आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "ओएम! अरं ओएम!" पंचविशीतले असल्यापासून ही मंडळी एकमेकांना ओल्ड मॅन म्हणतात, आता ते खरंच म्हातारे झाले होते.

रडणं ओसरल्यावर दिघ्यांना टेबलावरची वस्तू दिसली. सागाच्या फळीवर बसवलेली पितळी की, वरच्या गुंडीच्या जागी कॅरमची काळी सोंगटी. त्यांचीच.

"मुंबईला जुन्या सामानाच्या दुकानात मिलाली," काशिराम म्हणाला. "मी तितंच खाली बसलू. संच इकील मानूस, तारा इकील. पन जितेपनी आपली की कोन इकतो, सांग मना! घरी आयलू, दोन मिनिटं हवेवर सगल्यांना गप उभं केलं, नी तुजं नाव यादीत घातलं."

यात काशिरामचं काही चुकलं होतं, असं कुणी हॅम म्हणणार नाही. बोटांना सवय झालेली की माणूस मरेपर्यंत सोडत नाही. ती बाजारात दिसली म्हणजे मालक गेला, एवढं ह्या लोकांत न सांगता कळतं.

मग काशिरामनं कपाटातून वही काढली. कोण कुणाशी कधी बोललं याची मिनिटवार नोंद प्रत्येक जण ठेवतो. दिघ्यांनीही कधी एका मिनिटाची खोटी नोंद केली नव्हती. काशिरामनं पान उघडून पुढे सरकवलं.

"बारा नोव्हेंबर. सात वीसला तू निघालेलास. मीच बोललू, थांब, तारेची उंची सांग. सात चालीसला तू बोलता बोलता गप. त्याच्यानंतर नाय. काय झालेलं, प्रभाकर? नी वैनी कशा हायत?"

दिघे त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. सात वीस, सात चाळीस. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"सुनंदा गेली," ते म्हणाले. "पण ते नंतर. आठ साली, काविळीनं. तेव्हा काही झालं नव्हतं रे. मला कंटाळा आला होता. मोबाईल आले, म्हटलं आता कोण तारा बांधत बसणार. विकून टाकलं."

काशिरामनं वहीच्या पानावर बोट ठेवलं.

"कंटाला," तो म्हणाला. "अठरा वर्सं मी तुजं नाव घेतलं. पुढलं नाव घेयाला दर टायमाला अडकलू. नी तू तितं पनवेलला कंटालून बसलेलास? एक तासाच्या वाटंवर?" त्यानं वही धाडकन मिटली. "मेलेला होतास तेच बरं होतं."

तो मागच्या दारानं धक्क्याकडे निघून गेला. दिघे बसून राहिले. मित्राला वाचवायचं तर मित्र गमवावा लागेल, हे त्यांना बसमध्ये सुचलं नव्हतं. पण सुचलं असतं तरी ते दुसरं काही बोलले नसते.

रंभा त्यांना सोडायला बसच्या थांब्यापर्यंत आली. थांब्यावर कुणी नव्हतं, तिथे तिनं पदर खोचला आणि म्हणाली,

"आठ साली नाय. सहा साली. त्याच रविवारी. मना ठाव हाय."

दिघे तिच्याकडे वळले.

"सुनंदाबाई माजं गिऱ्हाईक व्हती. तुमी गप झालाव तवा ह्यानं मना धाडलेलं, पनवेलला जातेस तं बघून ये. तुमच्या शेजारनीनं सगलं सांगितलं, डाक्टर वीस मिनिटांचं काय बोलला ते, कानावर ते लावलेलं म्हनून. बसमधी मीच हिशोब केला. ती वीस मिनिटं ह्याची व्हती. घरी येऊन बोलली, कुलूप हाय, कुनी नाय. मंग ह्यानं ती की आनली, नी तुमी मेलाव म्हनून रडाया बसला. मी बोलली, रडू दे. दोस्त मेला तं मानूस रडतो नी उटतो. ते दुसरं कललं असतं तं हा उटलाच नसता."

"म्हणजे मला मेलेला तुम्ही ठेवलंत."

"मीच. माफ करा. आज तुमी बोलत व्हताव तं मी आत भांडी धरून उभी. भीत व्हती, खरं बोलतील." तिनं डोळे पुसले. "दोन-तीन म्हैने शिव्या घालील तुमाला हवेवर. ऐकून घ्या. शिव्या दिल्या म्हंजे उत्तर दिलंच ना."

ते खरंच होतं. दिघ्यांना हसूही आलं आणि रडूही. अठरा वर्षं हे ओझं आपण एकट्यानं उचललंय असं ते समजत होते, आणि खाडीच्या ह्या टोकाला एक कोळीण तेच डोक्यावर घेऊन रोज पनवेलला येत-जात होती.

वळणावर बस दिसली. दिघ्यांनी घाईघाईनं विचारलं, कारण हे विचारायला जगात दुसरं माणूस नव्हतं.

"रंभाबाई, शेजारीण काही म्हणाली होती का... सुनंदानं हाक मारली होती का?"

रंभानं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"नाय," ती म्हणाली. "शेजारीन बोलली, आवाज आयलाच नाय. पडल्या तशा गेल्या."

दिघे बसमध्ये चढले, खिडकीपाशी बसले. ती खरं बोलली की खोटं, हे त्यांनी विचारलं नाही. तासाभरापूर्वी त्यांनीही असंच सरळ बघून सांगितलं होतं. तिनं दिलं ते त्यांनी घेतलं, आणि तिकिटासाठी कंडक्टरपुढे नोट धरली.