सित्लालीचा पुढचा दात

वाढदिवसाच्या पोराने केकचा पहिला घास तोंडानेच घ्यायचा, आणि ते वाकलं की मागून कुणीतरी त्याचं डोकं केकमध्ये दाबायचं, ही मेक्सिकोतल्या आमच्या वामान्त्ला गावातली जुनी मस्करी. मला तिचा मनस्वी राग येतो. दातांची डॉक्टर आहे मी, निस्तरायला माझ्याकडेच येतात.

त्या रविवारी फेर्मीन आपल्या आठ वर्षांच्या सित्लालीला उचलून घेऊन आला. दोघेही क्रीमने माखलेले. केकचे मजले उभे राहावेत म्हणून आत लाकडी काड्या खोचल्या होत्या. फेर्मीन ते विसरला आणि त्याने लेकीचं डोकं दाबलं. पुढचा दात अर्धा तुटला होता, मधोमध लाल ठिपका दिसत होता.

"उपटून टाका, डॉक्टर," तो म्हणाला. "दुधाचाच असेल. नवा येईल."

"आठव्या वर्षी दुधाचा? अहो, हा जन्माचा दात आहे! तो लाल ठिपका म्हणजे दाताचा जीव. मूळ अजून वाढतंय. जीव गेला तर ते कच्चंच राहील. आजच झाकायला हवं."

पण सित्लाली तोंड उघडेना. मी नेहमीसारखी तिच्या डोक्यामागे बसले, तर ती किंचाळली. स्टूल समोर आणलं, तरी ओठ घट्ट मिटलेले. चुचकारलं, दटावलं, काही उपयोग नाही. शेवटी तीच पुटपुटली, "पप्पांचे हात मला द्या."

त्याच्या दोन्ही हातांची बोटं तिने मुठीत आवळली आणि आ केला.

भूल दिली. त्या लाल ठिपक्यापाशी उघड्या पडलेल्या गराचा वरचा थर हलकेच काढला आणि ओला कापूस दाबून धरला. रक्त थांबलं नाही तर आतलंही बिघडलंय असं समजायचं. थांबेना, तेव्हा नवा कापूस घेऊन पुन्हा दाबला. मग थांबलं. वर पांढरं औषध भरून दात बंद केला.

"सध्या तरी वाचला," मी म्हणाले. "पण तपासायला आणत राहा."

फेर्मीनला हुंदका फुटला. "एवढं करूनही पोरीने माझा हात सोडला नाही हो!"

माझेही डोळे भरून आले. "सोड आता, राणी. झालं सगळं."

सित्लालीने मान हलवली. ओठ भुलीने जड झाले होते.

"नको. सोडले तर परत ढकलतील."

फेर्मीनने हात तिच्या मुठीतच राहू दिले.