मिस्त्रींचा उजवा हात

"बाबा, हात आत घ्या. उजवा."

"खाज येतेय गं."

"येऊ दे. लुळ्या हाताला खाज येत नाही."

"खाजवता येत नाही, एवढंच. खाज येत असेलच की," बाबा पुटपुटले, पण हात पांघरुणात गेला.

तपासनीस आज येणार असा निरोप होता. मी पहाटेच हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली होती आणि बाबांच्या भुवयांतला भुसा ओल्या फडक्याने पुसला होता. आयुष्यात हा माणूस कधी दिवसाढवळ्या आडवा झाला नव्हता. अंगात ताप असला तरी रंधा चालूच असायचा. आजारी दिसायचं म्हणजे काय करायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. सारखे मान वळवून विचारायचे, "आता दिसतोय का?"

माझा भाऊ आघाडीवर होता. त्याला आम्ही बारक्या म्हणायचो. पुढे तो इतका उंच झाला की दाराच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचा. शेवटी बाबांनी चौकट चार बोटं वर घेतली, पण नाव काही बदललं नाही. लढाई पेटली तसे बाबा रोज भरती कचेरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहू लागले. ज्यांची कपाटं केली त्यांना भेटले, ज्यांच्या मुलींच्या लग्नात पलंग करून दिले त्यांना भेटले. सगळे म्हणाले, "बघू." मग कुणीतरी नियम सांगितला: घरात दुसरा कमावता पुरुष नसेल आणि बाप लुळा पडला असेल, तर मुलाला परत पाठवतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसरा पुरुष नव्हताच. राहता राहिला बाप, तो आम्ही लुळा पाडला. गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाकं बाबांच्या हातची होती. डॉक्टरांनी डोळे मिटून दाखला दिला.

तपासनीस आले ते छत्री टेकत, धापा टाकत. बुटके, थकलेले गृहस्थ. मी त्यांना खुर्ची पुढे केली आणि तिथेच चुकले. सुताराच्या घरातली खुर्ची कायम डुगडुगतेच. गिऱ्हाइकाचं काम आधी, घरचं मग कधीतरी. ते लिहायला वाकले की खुर्ची पुढे व्हायची, टक. मागे टेकले की मागे, टक.

"बोलता येतं का?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.

टक.

"हात?"

"उजवा अजिबात नाही."

टक. बाबांची नजर माझ्यावर नव्हती, तपासनिसांवरही नव्हती. ती खुर्चीच्या मागच्या पायावर होती. मी मधे येऊन उभी राहिले. पण चहा उकळून उतू जायला लागला होता, म्हणून मी आत धावले.

गाळणं हातात घेतलं आणि बाहेरून आवाज आला. ठक, ठक. हातोडीचा. तो आवाज मी बाळपणापासून ओळखते.

बाहेर खुर्ची उलटी पडली होती. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि सैल झालेल्या सांध्यात पाचर ठोकत होते. उजव्या हाताने. तपासनीस बाजूला उभे, पेनाचं टोपण दातात धरून.

"हं, झालंच," बाबा म्हणाले. "सांधा सुटला होता. बसून बघा, साहेब."

तपासनीस बसले. पुढे झाले, मागे झाले. खुर्ची हूं की चूं नाही. तेव्हा कुठे बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातोडी खाली ठेवली, अगदी हळू, जणू आवाज न झाल्याने काही लपणार होतं.

"सकाळपासून या रस्त्यावरची तीन घरं झाली," तपासनीस म्हणाले. "तिन्ही घरांत बाप अंथरुणावर. मिस्त्री, त्यांच्यापैकी कुणी उठून बसलं नाही हो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. चहा न घेताच ते गेले.

त्या संध्याकाळी बाबा परत पलंगावर जाऊन आडवे झाले.

"उठा आता. ते गेले," मी म्हटलं.

"पुन्हा अर्ज टाक. दुसरा कुणीतरी येईल. कधी येईल सांगता येत नाही. या खेपेला सापडायचं नाही."

मी अर्ज टाकला. उत्तर आलं नाही. बाबा उठले नाहीत. डाव्या हाताने जेवायला शिकले. दारावर थाप पडली की तोंड वाकडं करायचे, मग दूधवाला का असेना. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "मिस्त्री, आता नाटक कंपनीत जा!" बाबा हसले नाहीत, तोंड वाकडंच ठेवलं. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. मी कपड्यांच्या दुकानात कामाला लागले. घरातला सरसाचा वास हळूहळू गेला. पांघरुणातला हात बारीक होत गेला. हिवाळा सरता सरता डॉक्टरांनी एकदा तो उचलून पाहिला, सोडला, तो पडला तसाच पडून राहिला. मला स्वयंपाकघरात नेऊन डॉक्टर म्हणाले, "माझा दाखला आता खरा झाला, बाई."

आणि मग तपासनीस आले. तेच. या वेळी त्यांच्या हातात छत्री नव्हती. दारातच त्यांनी टोपी काढली आणि मला जे सांगायचं ते हलक्या आवाजात सांगितलं. दोन वाक्यं होती. दुसरं मी ऐकलं नाही.

"कोण आहे गं?" आतून बाबांचा आवाज आला. जड, अडखळता.

तपासनीस आत गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आतच बाबा बोलू लागले, "बघा साहेब... हात... अजिबात नाही. बघा उचलून."

तपासनिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको म्हणून हलवली की सांगा म्हणून, मलाच ठाऊक नाही. ते खुर्चीवर बसले. खिशातून पेन काढलं, कुठल्याशा कागदाची मागची कोरी बाजू वर करून तो गुडघ्यावर ठेवला.

"किती महिने झाले, मिस्त्री?"

"बरेच."

"दुखतं?"

"नाही. काही कळतच नाही."

"बरं," ते म्हणाले आणि बराच वेळ लिहीत राहिले. खुर्ची एकदाही वाजली नाही. मग उठून त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि टोपी हातातच धरून दारातून बाहेर पडले. त्यांच्या डोक्यावर चौकटीत कितीतरी जागा मोकळी होती.

"या खेपेला हललो नाही ना मी?" बाबांनी विचारलं. चेहरा उजळला होता.

"नाही, बाबा."

"खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही."

"पाहिलं मी."

"मग आता पाठवतील त्याला."

मी खुर्ची पलंगाशी ओढून बसले. पांघरुणातून त्यांचा उजवा हात बाहेर काढला. तळव्यावरचे घट्टे गेले होते. लहान मुलाचा असावा तसा मऊ झाला होता. तो माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि मग सांगितलं.

हात हलला नाही.