एक दिवसाआडचं दुखणं

थोरला माझ्या अंगणात बसून माझ्या खुरप्याला धार लावून देत होता आणि त्या खुरप्यात काय काय वाईट आहे ते मला सांगत होता. मूठ ढिली, पातं वाकडं, आधीची धार कुणी लावली त्याला काही कळत नाही. आधीची धार मीच लावली होती. तेवढ्यात विहिरीवरची मोटर एकदा खाकरली, बंद पडली, पुन्हा खाकरली आणि सुरू झाली. थोरल्यानं दगड खाली ठेवला आणि बरगडीखाली हात दाबून धरला.

"आठ वाजून गेले," तो म्हणाला. "आता उठलेत साहेब."

साहेब म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

विहीर एक आणि भाऊ दोन. एक दिवस पाणी ह्याचं, दुसऱ्या दिवशी त्याचं. विहिरीचा पाट माझ्या बांधापाशी येतो आणि तिथं त्याला दोन फाटे फुटतात. डावा थोरल्याच्या रानात जातो, उजवा धाकट्याच्या. ज्याची बारी नसेल त्याचा फाटा माती आणि गोणपाट टाकून बुजवायचा. त्यामुळे दोघांचं पाणी माझ्या डोळ्यांसमोरून जातं, आणि मला नको असली तरी दोघांची भांडणंही जातात.

थोरल्याला गाव ओळंबा म्हणतं, भिंत सरळ आहे का बघायला गवंडी लावतो तो. त्याचा बांध दोरी लावून घातलेला असतो. वाटेत दुसऱ्याची गाडी तिरकी उभी दिसली तरी हा थांबून ती सरळ करणार आणि मगच पुढं जाणार. धाकटा ह्याच्या अगदी उलट. तो पाणी रानात सोडतो आणि आंब्याखाली आडवा होतो. पुढं कुठं जायचं ते पाण्यानं ठरवायचं. लग्नासाठीसुद्धा तो वेळेवर उठला नाही, म्हणून एकटा राहिला. पण हा माणूस एक दिवस आजारी पडलेला मी पाहिला नाही. समोर येईल ते खातो, पचवतो आणि झोपतो.

दोन वर्षांपूर्वी असंच त्याचं पाणी दिवसभर रस्त्यावर वाहत राहिलं. थोरल्यानं त्याला चारचौघांत फैलावर घेतलं. धाकट्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी जांभई दिली. त्या जांभईपासून दोघांचं बोलणं बंद आहे.

त्याच सुमाराला थोरल्याचं पोट दुखायला लागलं. आधी थोडं, मग जेवण अर्धं टाकावं लागेल इतकं. ह्या वर्षी मका गुडघ्यापर्यंत आला आणि थोरला सुकून निम्मा झाला. मग एका सकाळी त्याला काळपट उलटी झाली आणि त्याच्या बायकोनं त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं. सोबतीला मी गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या पण घाई करणाऱ्या नव्हत्या. घशातून नळी घालून त्यांनी आतलं पाहिलं. पोटात जखम होती. मग त्यांनी विचारलं, "काय खाल्ल्यावर दुखतं?"

"खाण्यावर नाही हो बाई," त्याची बायको म्हणाली. "खातात रोज तेच. दुखतं एक दिवसाआड."

"एक दिवसाआड?"

"मी भिंतीवर कोळशानं रेघा मारल्यात. दिराची पाण्याची बारी असली की दुखतं. ह्यांची असली की नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. थोरला छताकडं बघत होता. छताचा एक पत्रा थोडा वाकडा बसवलेला होता, तो त्याला दिसला असणार.

"म्हणजे मी सोंग करतो का?" तो म्हणाला.

"अजिबात नाही. जखम मी डोळ्यांनी पाहिली आहे," बाई म्हणाल्या. "तिला औषध देते आहे आणि औषधानं ती भरेल. पण तुम्ही आतल्या आत धुमसत राहिलात तर दिवसभरात जेवढी भरेल तेवढी पुन्हा चिघळेल. राग करणारा माणूस आणि त्याचं पोट काही वेगवेगळ्या घरात राहत नाहीत. तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. रानात जायचं नाही. पुन्हा रक्त आलं तर ऑपरेशन, आणि तुमची आत्ताची तब्येत ते सोसेल असं मी लिहून देणार नाही."

परत येताना बसमध्ये त्याची बायको औषधांची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. ती घाबरली होती. मीही घाबरले होते, पण मी बोलत राहिले, कारण मला गप्प बसता येत नाही.

थोरला अंथरुणाला लागला तेव्हा मका तुऱ्यावर होता. तेव्हा पाणी चुकलं तर कणसात दाणा भरत नाही. त्याच संध्याकाळी धाकटा माझ्या बांधावर आला. दोन वर्षांत भावाच्या दारात तो गेला नव्हता, म्हणून त्यानं वहिनीला माझ्याकडं बोलावून घेतलं.

"वहिनी, दादाच्या मक्याचं पाणी मी बघतो."

"त्यांना चालायचं नाही."

"सांगू नका. त्याच्या बारीला ह्या काकू सहाच्या ठोक्याला मोटर लावतील, म्हणजे त्याला वाटेल तुम्हीच लावली."

"आणि तुमच्या बारीला?"

धाकट्यानं डोकं खाजवलं. "ते पण पाणी मक्यालाच सोडू. तुऱ्यावर आलाय. रोज प्यायला लागेल."

"आणि भावजी, तुमची वांगी?"

"वांगी काय, थांबतील," तो म्हणाला. ऊन एवढं कडक होतं की वांगी थांबणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

असं ते सुरू झालं. थोरल्याच्या बारीला मी सहाला मोटर लावायचे आणि थोरला घरात निवांत पडून असायचा, पेज प्यायचा, औषध घ्यायचा, तोंडावर जरा रंग यायचा. दुसऱ्या दिवशी आठनंतर कधीतरी मोटर दोनदा खाकरून सुरू व्हायची. धाकटा येऊन उजव्या फाट्यावर गोणपाट टाकायचा, सगळं पाणी डावीकडं भावाच्या मक्यात वळवायचा आणि आंब्याखाली झोपायचा. आणि तिकडं घरात थोरला गुडघे पोटाशी घेऊन तळमळायचा.

"गेलं सगळं पाणी रस्त्यावर," तो दात आवळून म्हणायचा. "झोपला असेल. माझा मका मरतोय आणि हा रस्ता भिजवतोय."

त्याची बायको त्याचे पाय दाबत बसायची. तिला माहीत होतं की पाणी कुणाच्या रानात चाललंय. औषध एक दिवस काम करायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी पडायचं, तेही त्याच्याच मक्याचं.

पंधराव्या दिवशी ती माझ्याकडं येऊन रडली. "काकू, सांगून टाकू का?"

"सांग."

"सांगितलं तर उपकार नकोत म्हणून उठून मोटर बंद करतील. नाही सांगितलं तर हे असं. आज थुंकीत लाल दिसलं मला."



सतराव्या दिवशी धाकट्याची बारी होती. मोटर खाकरली, थांबली, पुन्हा खाकरली. मी माझ्या बांधावर गवत काढत होते. थोड्या वेळानं पाहते तर थोरला फावडं टेकत टेकत येतोय. एक हात बरगडीखाली, तोंड पांढरं फटक. मागून त्याची बायको अनवाणी पळत येत होती.

"अहो, माघारी फिरा. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"आज ह्याला दाखवतो," तो म्हणाला. "मरायचंच तर ह्याला दाखवून मरतो."

तो फाट्यापाशी आला आणि उभा राहिला. उजवा फाटा बुजवलेला होता. पाणी डावीकडं चाललं होतं. त्यानं आधी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पाण्याकडं.

"आज माझी बारी आहे?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "त्याचीच आहे."

"मग चुकून लावलंय."

"चुकून नाही. तू पडल्यापासून असंच आहे. त्याच्या आठ बाऱ्या तुझ्या मक्यानं प्यायल्या. आजची नववी."

तो मक्याकडं गेला. मका डोक्यावर गेला होता, हिरवागार, कणसं भरत आलेली. पलीकडं धाकट्याची वांगी दिसत होती. पानं करपून खाली लोंबत होती, अर्धी रोपं वाळून काडी झाली होती. थोरला बांधावर खाली बसला.

"म्हणजे ते आठ दिवस," तो म्हणाला, "मी माझ्याच मक्याच्या पाण्यापायी तळमळत होतो."

"हो," त्याची बायको म्हणाली. तिचा राग आणि रडू एकदमच बाहेर आलं. "आणि मी पाय दाबत होते."

धाकटा आंब्याखाली तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. तिसऱ्या वाफ्याचा बांध फुटून पाणी वाटेवर आलं होतं. थोरल्याला ते दिसणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. तो उठला, दोन फावडी माती टाकली आणि बांध सरळ केला. फुटला नव्हता तिथलाही सरळ केला.

"दुखतंय का?" बायकोनं घाबरत विचारलं.

त्यानं थोडा विचार केला. "आत्ता बघितलं नाही," तो म्हणाला.

फावड्याच्या आवाजानं धाकटा उठून बसला. समोर भाऊ पाहून त्याला पळावं की बसावं कळेना, म्हणून तो बसून राहिला. दोन वर्षांनी थोरला त्याच्याशी पहिलं वाक्य बोलला.

"मोटर एका दाबात चालू होते. दोनदा दाबलीस तर जळेल."

"बरं," धाकटा म्हणाला.

एवढंच झालं. कुणी गळ्यात पडलं नाही. थोरला घरी जाऊन अंथरुणात पडला आणि राहिलेले चार दिवस बायकोनं त्याला उठू दिलं नाही. जखम भरायला पुढं दोन महिने लागले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, औषध चांगलं लागू पडलं. आम्ही हो म्हणालो. औषध त्यानं घेतलंच होतं.

धाकट्यानं वांगी पुन्हा लावली. त्यानंतरच्या त्याच्या पहिल्याच बारीला सकाळी सहाला मोटर एका दाबात सुरू झाली. मी चूल सोडून बांधावर आले. धाकट्याच्या घराचं दार बंद होतं आणि आतलं घोरणं माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. डावा फाटा बुजवलेला होता. उजव्या फाट्यावर थोरला वाकून वांग्याच्या सऱ्यांत पाणी सोडत होता आणि सऱ्या कुणी पाडल्या, किती वाकड्या पाडल्या, ते स्वतःशीच पुटपुटत होता. दोन्ही हात फावड्यावर होते.