तीन बोटं खाली

डिचोलीच्या बसस्टँडमागे कृष्णनाथचं डीटीपीचं दुकान होतं. माऊस वापरणं सोडलं तेव्हा त्याने ही बातमी गिऱ्हाइकांना अशा थाटात सांगितली, जणू त्याने मासळीच सोडली. आता सगळं ट्रॅकपॅडवर. तीन बोटं उजवीकडे सारली की लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपती येऊन बसायचा. चार बोटं वर नेली की ‘श्रीकृपेकरून’पासून ‘आपले विनीत’पर्यंतचा मजकूर ओळीने हजर. दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की कुलदैवत. हा एकेक इशारा त्याने स्वतः बेतला होता, आणि त्या बेतण्यात इतका वेळ गेला होता की मधल्या मध्ये दोन लग्नं पत्रिकांविना उरकली होती.

हेही तोच सांगायचा. ‘आम्ही वेळ वाचवायला बसलो की त्या दिवशी दुकान बंद धरा,’ असं म्हणून तो स्वतःच आधी हसून घ्यायचा. लोकांनी हसण्याआधी आपण हसलेलं बरं, हे तो कोवळ्या वयातच शिकला होता.

शिकवलं होतं सगुणबुवांनी. मुळगावच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख. मिसरूड फुटलेल्या कृष्णनाथला त्यांनी भर देवळात सांगितलं होतं, “किस्नाथा, तुज्या गळ्यात देव सूर घालूक इसारलो. तू आपल्यो टाळ्यो वाजय.” तेव्हापासून तो टाळ्याच वाजवत होता. मग स्पर्धांची पहिली फेरी रेकॉर्डिंगवर व्हायला लागली, मंडळाला लॅपटॉपवाला माणूस हवा झाला आणि कृष्णनाथचं नशीब उघडलं. आता त्याच्या खुणेशिवाय खुद्द बुवासुद्धा तोंड उघडत नसत.

अडचण एवढीच होती की कृष्णनाथही तोंड उघडायचा. लॅपटॉप ठेवायला जागा चौथ्या माईकजवळ, तो माईक झांजेचा. बुवा वरच्या पट्टीत चढले, पखवाज घुमायला लागला की याचं भान जायचं आणि गळ्यातून आवाज निघायचा. घरी येऊन ऐकलं की दे माय धरणी ठाय व्हायचं. म्हणून त्याने एक इशारा खास या कामासाठी बेतला होता. तेवढा तुकडा निवडायचा, तीन बोटं खाली ओढायची, की चौथा माईक तेवढ्यापुरता गप्प. कोणाला काही कळायचं नाही.

कळायचं ते एवढंच, की ऐन चढावर झांज सुटते. परीक्षक तसं लिहून पाठवायचे आणि बुवा सुधीरला फैलावर घ्यायचे. झांज वाजवणारा सुधीर हा कृष्णनाथच्या बायकोचा, हर्षाचा धाकटा भाऊ. शब्दाला शब्द न लावणारा माणूस. मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि पोरांनी हसू नये म्हणून काजूच्या बागेत जाऊन एकटाच सराव करायचा. यंदा बुवांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, “ह्या खेपेक झांज सुटली तर साईश वाजयतलो.” साईश म्हणजे मंडळातलं सगळ्यात धाकटं पोर. कृष्णनाथला हे सगळं ठाऊक होतं. तीन बोटं खाली ओढताना तो पडद्याकडे बघायचा नाही, खिडकीबाहेर बघायचा.

यंदाच्या स्पर्धेचं यजमानपद पेडण्याच्या मंडळाकडे होतं आणि रेकॉर्डिंग रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. रविवारी सकाळी कृष्णनाथने हौसेने मासळी साफ करायला घेतली. बोटांच्या चपळाईवर त्याचा कोण विश्वास! शिंगाळ्याने त्या चपळाईची गय केली नाही. त्या माशाचा विषारी काटा आत गेला आणि जेवणापर्यंत उजव्या हाताचा पाव झाला, तोही पोदेराच्या भट्टीतून ताजा निघालेला. डावा हात त्याने जन्मभर जेवताना मांडीवर ठेवण्यापलीकडे कशाला वापरला नव्हता.

“कदेल माका द्या,” तुवाल्याला हात पुसत त्याच्या खुर्चीशी येऊन हर्षा म्हणाली. ती सोसायटीच्या काउंटरवर दिवसभर कॉम्प्युटरच चालवायची. “सांगा, काय करूचा?”

“तीन बोटं खाली.”

“खंयची तीन?”

कृष्णनाथने सुजलेल्या हाताकडे पाहिलं. कुठली तीन, हे त्याला सांगता येईना. इतकी वर्षं बोटं आपापली करत होती, त्यांनी मालकाला कधी विचारलं नव्हतं. त्याने हवेत डाव्या हाताने करून पाहिलं, तर दूध मागणाऱ्या मांजराच्या पंज्यासारखं काहीतरी झालं. हर्षाने अंदाजाने तीन बोटं ओढली. सगळ्या खिडक्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत पळाल्या. पुन्हा ओढली, तर भजनावर कुठल्यातरी पत्रिकेतला गणपती येऊन बसला. हिची बोटं बारीक आणि पॅड बेतलेलं कृष्णनाथच्या जाड बोटांना. ते तिला दादच देईना.

“सगळं मूळपदावर आणायचं एक बटण असतं,” शेवटी कृष्णनाथ म्हणाला. घरातलं सोनं कुठे ठेवलंय ते चोराला सांगावं, तसा त्याचा आवाज झाला होता.

हर्षाने ते दाबलं. इतक्या वर्षांची कारागिरी डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच गेली. लॅपटॉप चारचौघांच्या लॅपटॉपसारखा झाला. हर्षाने मुकाट्याने माऊस जोडला, कानाला हेडफोन लावला आणि कृष्णनाथने सांगितलेला चौथा माईक ऐकायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने ती दचकली. “देवळात बोकडो खंयसून इलो?”

कृष्णनाथ खिडकीबाहेर बघत होता.

“अवो, हो आवाज कोणाचो?”

“माझा.”

हर्षाला इतकं हसू आलं की तिने तुवाला तोंडात कोंबला. कृष्णनाथही हसला, नेहमीसारखा, तिच्याआधी हसायचं राहून गेलं होतं एवढंच. मग तिने तो तुकडा परत लावला. परत लावला. तिचं हसू हळूहळू उतरलं.

“सुधीर खंय सुटलो?” ती म्हणाली. “बरोबर वाजयता.” तिने हेडफोन काढला. “तुमी हे कापतात? झांजेसकट?”

कृष्णनाथने मान डोलावली. त्याला एकदम फार लाज वाटली. स्वतःवर हसून जी झटकता येते ती लाज त्याच्या ओळखीची होती, ही निराळी होती. आपला बेसूर झाकायला आपण बायकोच्या भावाला बेताल ठरवलं होतं, तेही तीन बोटांनी, वेळ वाचवत.

“आवाज थोडा बारीक करून बघ,” तो म्हणाला. हर्षाने करून पाहिलं. बोकड बारीक झाला, झांजही बारीक झाली.

“तुमीच सांगा,” ती म्हणाली. “कापू?”

मग त्याने डाव्या हाताने, एका बोटाने, सगुणबुवांचा नंबर लावला आणि म्हणाला, “बुवा, जरा घराकडे या. सुधीरलाही आणा. पाठवायच्या आधी ऐकायचंय.”

दोघे आले. हर्षाने चौथा माईक मोठ्याने लावला. बुवांनी डोळे मिटले. चढ आला, झांज खणखणीत वाजली आणि तिच्या मांडीला मांडी लावून कृष्णनाथही वाजला. बुवांनी डोळे उघडले. कृष्णनाथने सगळं सांगितलं. या वेळी तो मध्ये कुठेच हसला नाही, त्यामुळे सांगणं फार लांबल्यासारखं वाटलं.

बुवा हसले नाहीत. सुधीरच्या खांद्यावर हात ठेवून ते नुसते बसले, आणि त्या हातात माफी होती हे कृष्णनाथला दिसत होतं. सुधीर लॅपटॉपकडे बघत होता. “म्हणजे माजी झांज कदीच सुटूक नाय?” त्याने विचारलं. आजवर त्याने विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

“कधीच नाही,” कृष्णनाथ म्हणाला.

मग बुवा उठले. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. “सगळ्यांक बोलवा,” ते म्हणाले, “परत गावया. हर्षा लॅपटॉपार बसतली. आनी तू, किस्नाथा, देवळाभायर. तळीकडे. तेच्याय पलीकडे.”

हर्षाने लॅपटॉप उचलला. कृष्णनाथला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. तेवढं काही झालं नाही. हात मात्र ठणकत होता. सुधीर सगळ्यांच्या मागून निघाला, दारात थांबला, मागे वळला. आता हा तोंड सोडणार, आणि सोडावंच, असं वाटून कृष्णनाथने मान खाली घातली.

“भावजी,” सुधीर म्हणाला, “माका आदीच सांगूक जाय होतां. मी झांज आनी जोरान वाजयली असती.”