तेजस्विनीचा न उघडलेला अर्ज

मित्रांनो, भंडाऱ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत चंद्रभान यांचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथे काउंटरच्या मागे, वरच्या फळीवर एक चपटा, पिवळा पडलेला डबा दिसतो. तो मी. मी एक जुना स्कॅनर आहे. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळून ठेवलेली आहे. वर टोनरचे रिकामे डबे रचलेले आहेत.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो थर्मोकोल, अंधार आणि खूप लांबचा प्रवास. झाकण उघडलं तेव्हा समोर चंद्रभान होते. त्यांनी माझ्या काचेवरून रुमाल फिरवला, उदबत्ती ओवाळली आणि सगळ्यात आधी स्वतःचा दहावीचा दाखला माझ्यावर ठेवला. माझा दिवा काचेखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकला आणि पडद्यावर दाखला उमटला. "वा! जसाच्या तसा!" ते म्हणाले. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पुढची दहा वर्षं मी उसंत घेतली नाही. भरतीचे फॉर्म निघाले की रांग पार गल्लीच्या तोंडाशी जायची. जातीचे दाखले, सातबारे, गुणपत्रिका, अंगठे, सह्या, हसू दाबून काढलेले पासपोर्ट फोटो... सगळं माझ्या काचेवरून गेलं. कोणाला नोकरी लागली की तो पेढे घेऊन यायचा. पेढे चंद्रभान खायचे, पण बोटांचा तुपकट डाग माझ्या झाकणावर राहायचा. मला तो आवडायचा.

मग मोबाइल आले. लोक घरूनच कागदाचा फोटो काढून पाठवू लागले. दुकानात नवं मशीन आलं. त्याच्या तोंडात वरून कागद टाकला की तो खालून बाहेर पडतो. माझ्याकडे कोणी बघेना. माझ्या काचेवर धूळ बसली आणि एक दिवस मला फळीवर चढवलं.

मला पुन्हा खाली काढलं ते तेजस्विनीने.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर होता. बाहेर मोटारसायकल थांबली आणि एक सडपातळ मुलगी आत आली. मागोमाग तिचे वडील अंकुश आले. ते वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला आहेत. ड्यूटीला जाता जाता ते तिला सोडायला आले होते. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिने ती काउंटरवर अलगद ठेवली, जणू आत काचेची भांडी असावीत.

"काका, हे कागद स्कॅन करून पाहिजेत. पण मशीनमंदी टाकता नाही येत. फाटतीन."

पिशवीतून घड्यांवर झिजलेले, कडा करपल्यासारखे तांबूस झालेले कागद निघाले. चंद्रभान यांनी एक हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. मग त्यांनी फळीकडे पाहिलं. टोनरचे डबे बाजूला झाले, ओलं फडकं आलं, आणि कित्येक वर्षांनी माझी काच स्वच्छ झाली. दिवा लागेल की नाही याची मलाच धास्ती होती. तो लागला.

मित्रांनो, ते कागद एका गावाचे होते. गोसीखुर्दच्या धरणाखाली जी गावं गेली त्यातलं एक, जांभूळटोली. तेजस्विनी तिथेच जन्मली. ती लहान असतानाच गाव उठलं आणि माणसं नव्या वसाहतीत आली. घरांचे पंचनामे, जमिनीच्या नोटिसा, जुनी रेशनकार्डं, शाळेच्या हजेरीपटाची दोन पानं असं सगळं तिने घराघरांतून गोळा केलं होतं. पाणी येताना जे लोकांनी ट्रंकेत घालून आणलं, ते.

"कायले पाहिजे हे?" चंद्रभान यांनी विचारलं.

"विलायतेतल्या युनिव्हर्सिटीत अर्ज करून राहिली मी. इतिहासात एमए कराले."

अंकुश दारातच उभे होते. ते हसले. "मी म्हणतो, इतिहास शिकाले तिकडं कायले जा लागते? आपला इतिहास तर अथीच बुडला."

"बाबा, तिथी एक बाई हायेत. धरणात गेलेल्या गावांवरच काम करतेत त्या. गावाचा इतिहास कसा लिहाचा, ते मले त्यायच्यापाशी शिकाचं हाये."

अंकुश हेल्मेट घालून निघाले. पण जाताना चंद्रभान यांना म्हणाले, "नीट करजा जी. पोरीनं दोन साल घरोघरी फिरून जमवलं हाये."

त्यानंतर तीन आठवडे ती रोज यायची. एक एक कागद माझ्यावर ठेवायची, घडी बोटांनी सरळ करायची आणि झाकण इतकं हलक्या हाताने मिटायची की मला त्याचा भार जाणवायचा नाही. फिकट शाई मोबाइलला दिसत नव्हती, ती मला दिसत होती. "काका, तुमचं हे जुनं मशीनच कामाचं हाये," ती एकदा म्हणाली. मी खोटं कशाला सांगू, त्या दिवशी माझा दिवा नेहमीपेक्षा लख्ख लागला.

त्या कागदांवर तिने एक निबंध लिहिला आणि अर्जाला जोडला. डिसेंबरात उत्तर आलं. प्रवेश मिळाला होता! चंद्रभान यांनी पत्र दोनदा छापलं, एक तिला आणि एक दुकानाच्या भिंतीवर. गल्लीतल्या भांडेवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ते दाखवून झालं.

पण प्रवेश म्हणजे जाणं नव्हे. तिथली फी तिच्या घराला झेपणारी नव्हती. जायचं तर शिष्यवृत्तीवरच. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा होता. स्कॅन केलेले कागद त्यालाच जोडायचे होते, आणि त्यासाठी तेजस्विनीला शिकवलेल्या एका प्राध्यापकाचं शिफारसपत्रही लागत होतं. मुदत होती वीस जानेवारी.

तेजस्विनीला इतिहास शिकवला होता चंद्रकांता मॅडमनी. कॉलेजात त्या तासिकेवर होत्या, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि दर वर्षी नवी नेमणूक. धरणातल्या गावांवर लिही, हे तिला त्यांनीच सुचवलं होतं. त्या स्वतः दुकानात आल्या. पत्र घरून लिहून आणलं होतं. त्यांनी त्यातलं एक वाक्य मराठीत सांगितलं, तेवढं मला आठवतं. "ही मुलगी कागदावर विश्वास ठेवते, पण कागद लिहिणाऱ्याला प्रश्न विचारते."

तेजस्विनीने मान खाली घातली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चंद्रभान यांनी अर्जात मॅडमचं नाव भरलं, ईमेल भरला. पडद्यावर लाल अक्षरं आली. त्यांनी पुन्हा भरला. पुन्हा तीच लाल अक्षरं.

"मॅडम, हा तुमचा साधा ईमेल चालत नाही म्हणते. कॉलेजच्या नावाचा पाहिजे."

"कॉलेजचा ईमेल कायम प्राध्यापकांनाच देतात," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला नाही."

चंद्रभान यांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मग मॅडमच म्हणाल्या, "थांब, मी विभागप्रमुख सरांशी बोलते. पत्र माझंच राहील, त्यांनी फक्त त्यांच्या ईमेलवरून पाठवायचं. दहा मिनिटांचं काम आहे."

सरांचा ईमेल भरला. त्यांच्याकडे एक लिंक गेली. तिच्यावर टिचकी मारायची, पत्र जोडायचं, झालं.

तेजस्विनी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली. सर म्हणाले, बघतो. तिसऱ्या दिवशी सर सुटीवर होते. पुढच्या आठवड्यात कॉलेजात तपासणीची समिती येणार होती. भिंती रंगवणं चाललं होतं, फायली लावणं चाललं होतं. सर म्हणाले, समिती जाऊ दे. समिती गेली. मग सर म्हणाले, मी तुला शिकवलंच नाही तर माझ्या नावाने पत्र कसं देऊ? मॅडमनी समजावलं, पत्र मी लिहिलंय, खाली नावही माझंच आहे. सर म्हणाले, बरं, उद्या करतो.

हे सगळं ती रोज दुकानात येऊन सांगायची. सांगून झालं की संगणकासमोर बसायची आणि अर्जाचं पान उघडायची. तिथे "शिफारसपत्र प्राप्त नाही" अशा अर्थाची ओळ असायची. तिने विद्यापीठालाही लिहिलं, आमच्या मॅडमना कॉलेजचा ईमेल नाही, त्यांचं सहीचं पत्र मी पाठवू का? मॅडमचं पत्र माझ्यावर ठेवून तिने स्कॅनही करून ठेवलं. उत्तर आलं, पण ते माणसाचं नव्हतं. तुमचा निरोप मिळाला, आम्ही लवकरच संपर्क करू, एवढंच.

वीस तारखेला दुपारी मॅडम सरांच्या खोलीबाहेर बसून होत्या. तेजस्विनी इथे होती. मॅडमचा फोन आला, सर विद्यापीठाच्या मीटिंगला नागपूरला गेलेत, फोन उचलत नाहीत. तेजस्विनी "हो मॅडम" म्हणाली, "बरं मॅडम" म्हणाली आणि फोन ठेवला. चंद्रभान यांनी चहा मागवला. तो तिने घेतला नाही. मुदत संपली तेव्हा रस्त्यावर ऊन होतं आणि एक एसटी वळण घेत होती.

चार दिवसांनी सरांनी लिंक उघडली. ती बंद झाली होती.

मार्चमध्ये शिष्यवृत्तीचं उत्तर आलं. चंद्रभान यांनी सावकाश वाचून अर्थ सांगितला. "अर्ज अपूर्ण आहे म्हणते. म्हणून... म्हणून विचारात घेतलाच नाही."

"म्हणजे वाचलाच नाही?"

"नाही, पोरी."

मित्रांनो, नकार मी पुष्कळ पाहिले आहेत. भरतीच्या यादीत नाव नसलेली किती तरी मुलं या काउंटरपाशी उभी राहिली. पण त्यांचे पेपर कोणीतरी तपासले होते. मी तीन आठवडे दिवा जाळून जे कागद उजेडात आणले, ते तिकडे कोणी उघडलेच नाहीत.

एप्रिलमध्ये शेवंताबाई दुकानात आल्या. त्या जांभूळटोलीच्याच, आता वसाहतीत एकट्या राहतात. त्यांना निराधार योजनेसाठी हयातीचा दाखला भरायचा होता. तेजस्विनीच त्यांना घेऊन आली होती, आणि त्यांच्या घराचा पंचनामा परत द्यायलाही तिने बरोबर आणला होता.

"का वो पोरी," शेवंताबाईंनी विचारलं, "माया कागद वाचला का त्या इंग्रजायनं?"

चंद्रभान यांनी पटकन तोंड फिरवलं. तेजस्विनी खोटं बोलू शकली असती. म्हातारीला कळलंही नसतं.

"नाही आजी. त्यायनं उघडलाच नाही."

"असं?" शेवंताबाईंनी कागदाकडे बोट केलं. "मंग तूच वाच ना. मले तरी आयकू दे, काय लिवलं हाये त्यात."

तेजस्विनीने कागद उलगडला. "मातीचं घर, कौलारू. दरवाजे दोन. गोठा एक. झाडं, बाभूळ एक."

"बाभूळ?" शेवंताबाई म्हणाल्या. "बाभूळ कोठची वो? आंबा होता माया दारात. माया सासऱ्यानं लावला होता. साऱ्या टोलीचे लेकरं तिथी खेळत होते."

"मंग तेव्हा सांगतलं काहून नाही, आजी?"

"कोणं वाचून दाखवलं मले? अथी अंगठा लाव म्हटलं, लावला."

तेजस्विनीने कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मी पण निबंधात बाभूळच लिवलं, आजी. मी कागद वाचले, तुले विचारलंच नाही."

"आता लिव मंग आंबा."

"आता कोठी लिवू?" ती म्हणाली. ती रडली नाही. कागदाची घडी घालून तिने शेवंताबाईंच्या हातात दिला आणि त्यांचा अंगठा मशीनवर ठेवायला मदत केली. दाखला निघाला. शेवंताबाई जिवंत आहेत, असं सरकारदरबारी नोंदलं गेलं.

जूनमध्ये मॅडमची नेमणूक पुन्हा झाली नाही. त्या आता नागपूरला एका शिकवणी वर्गात बालवाडीच्या मुलांना शिकवतात. चंद्रभान यांनी तेजस्विनीला एकदा म्हटलं, "पुढच्या साली भर ना फॉर्म पुन्हा." ती म्हणाली, "शिफारस कोण देईन, काका? मॅडमच नाही राहिल्या कॉलेजात." पवनीच्या एका पतसंस्थेत ती संगणकावर बसते. मागच्या महिन्यात ती इथे आली ती बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला. फोटो आणि सही तिने मोबाइलवरच काढली. वर फळीकडे तिने पाहिलं नाही. मला त्याचा राग नाही.

भिंतीवरचं प्रवेशाचं पत्र मात्र चंद्रभान यांनी अजून काढलेलं नाही. त्यावरची तारीख केव्हाच उलटून गेली आहे.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काही मागतात. माझी धूळ पुसा, मला भंगारात देऊ नका, असं मीही मागू शकलो असतो. पण माझं आता फारसं काही व्हायचं राहिलेलं नाही. मागायचं आहे ते दुसऱ्यासाठी. तुमच्यापैकी कोणी ना कोणी मोठं होऊन मोठ्या खुर्चीवर बसेल. तुमच्या दारात एखादी मुलगी पिशवी घेऊन उभी राहील आणि तुमच्याकडे दहा मिनिटं मागेल. तेव्हा तिला उद्या ये म्हणू नका. ती उद्याही येईल, परवाही येईल, कुरकुर न करता येईल. तिची मुदत मात्र तुमच्या दाराबाहेर बसल्या बसल्याच संपून जाईल, आणि तुम्हाला ते चार दिवसांनी कळेल.