फलकावरची शेवटची ओळ

फलकावर एकच ओळ शिल्लक होती आणि क्लबात ही गोष्ट ठाऊक नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं.

टेबल टेनिसच्या हॉलमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर तो गडद लाकडी फलक दिसे. डावीकडे साल, उजवीकडे त्या सालच्या महिला विजेतीचं नाव, सगळं सोनेरी अक्षरांत. खालच्या चौकटीच्या वर आता एका नावापुरती जागा उरली होती. ती भरली की पुढच्या वर्षीपासून नवा फलक. आणि तो कुठे लागणार, तर स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर. "तिथे येणंजाणं जास्त असतं," असं सेक्रेटरी सभेत म्हणाले होते. कुणी हसलं नाही, तेव्हा ते मनापासूनच म्हणाले असावेत.

ही अक्षरं लावण्याचं काम अक्षरवालीचं. तिचं खरं नाव क्लबात कुणी घेत नसे. नवरा-बायकोचं पाट्यांचं दुकान होतं. तो दुकानांच्या मोठ्या पाट्या करी आणि ही शाळा-क्लबांचे फलक सांभाळी. वर्षाकाठी कुठे हेडबॉय, कुठे अध्यक्ष, कुठे पोहण्यातला पहिला. मशीनवर व्हिनाइलच्या सोनेरी चिकटपट्टीतून अक्षरं कापायची, अक्षरांभोवतीचा फापटपसारा चिमट्यानं सोलून काढायचा, वर चिकट कागद बसवायचा आणि ते सगळं अलगद लाकडावर उतरवायचं. सोलताना जीव मुठीत असे तो अनुस्वारांसाठी. इवलासा ठिपका कधी चिमट्याला चिकटून जाई आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कोपरावर सापडे.

क्लबाची एक रीत होती. अंतिम सामन्याआधी दोघींचीही नावं कापून तयार ठेवायची. सामना संपला की चहा येईपर्यंत जिंकणारीचं नाव फलकावर. ते लागेस्तोवर शिडी धरायची हरलेलीनं, आणि हरलेलीची अक्षरं बक्षीस म्हणून तिलाच. त्यामुळे गावभर पराभूतांची सोनेरी नावं होती. कुणाच्या हेल्मेटवर, कुणाच्या फ्रिजवर, एकीच्या तर कुत्र्याच्या घरावर.

एवढी वर्षं दुसऱ्यांची नावं लावणारी अक्षरवाली या वर्षी स्वतः अंतिम सामन्यात पोचली होती. आणि समोर कोण? तिची थोरली नणंद. फलकावर जिचं नाव तीनदा होतं आणि तिन्ही वेळा ते हिनंच लावलं होतं.

सकाळी दुकानात तिनं आधी ताईंचं नाव कापलं. मग स्वतःचं टाइप केलं आणि बटणावर बोट ठेवून तशीच उभी राहिली.

"दाब की," नवरा म्हणाला. "मशीन चावत नाही."

"अहो, उगाच कापलं आणि हरले तर?"

"तर आपल्या फ्रिजला लावू. नाहीतरी आईला तो तिचाच वाटतो."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे, ते एकदा सांगा."

"मी?" तो पाटीमागे दडत म्हणाला. "मी टेबलाच्या बाजूचा. मधोमध जाळी असते ना, तिथला."

तिनं बटण दाबलं. पातं सरसरत फिरलं, आणि सोनेरी पट्टीवर तिचं नाव उमटलं. बघितलं पाहिजे होतं का आपण हे? ते लाकडावर कसं दिसेल हे आता तिला अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि न दिसण्याचा उपाय उरला नव्हता.

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. सासूबाई पहिल्या रांगेत, एका बाजूला मुलाला आणि दुसऱ्या बाजूला जावयाला बसवून. "मी दोघींना टाळ्या वाजवणार," त्यांनी जाहीर केलं, "मग कुणी तोंड पाडायचं नाही."

ताई रॅकेट पुसत पुढे आल्या. "काय गं वहिनी, माझं नाव नीट कापलंयस ना? गेल्या वेळी जरा बारीक वाटलं होतं."

"तुमचं एकदम ठसठशीत कापलंय, ताई. फ्रिजवर लांबून दिसायला हवं ना!"

मागून शिट्टी आली. ताई खो खो हसल्या आणि पहिला गेम बघता बघता घेऊन गेल्या.

दुसरा अक्षरवालीनं घेतला, तिसरा ताईंनी. चौथ्यात अक्षरवाली मागे होती. मग काय झालं कोण जाणे, तिचा हात सुटला. चेंडू येतोय आणि जातोय, मध्ये विचार नाही. हॉलमध्ये लोक उभे राहिले. चौथा तिचा! पाचव्यात दोघी दहा-दहावर आल्या, तेव्हा सासूबाईंनी टाळ्या थांबवून जावयाचा हात घट्ट धरला होता. मग ताईंचा एक फटका जाळीत गेला. अकरा-दहा. आता एक गुण. एकच!

ताईंनी सर्व्हिस केली. अक्षरवालीनं परतवली. ताईंनी जोरात मारलं, ती मागे पळाली, कसाबसा चेंडू उचलला. तो उंच गेला, लांब गेला, पलीकडच्या कडेपाशी आला आणि खाली गेला.

"बाहेर!" पंचाच्या खुर्चीतून सेक्रेटरी म्हणाले. "अकरा-अकरा."

"लागला," ताई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी खुर्चीतून वाकून पाहिलं.

"लागला हो. कडेला घासून गेला. गुण तिचा." ताईंनी रॅकेट टेबलावर ठेवली. "संपला सामना. चहा आणा."

मग जो गलका झाला त्यात कोण काय म्हणालं ते सांगता येणार नाही. नवरा जाळीबिळी विसरून खुर्चीवर चढला. सासूबाई सुनेचा घामेजलेला चेहरा दोन्ही हातांत धरून "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत राहिल्या. अक्षरवाली हसत होती, रडत होती, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक कुसळ टोचत होतं. तिनं कड घासल्याचा आवाज ऐकला नव्हता. अक्षरांच्या कडा बघण्यात तिचा जन्म गेला. अक्षराची उचललेली कड तिला दारातून दिसे. चेंडू कडेला लागलेला मात्र दिसला नव्हता.

ताईंनी दया तर केली नाही? शेवटची ओळ, पहिल्यांदाच आलेली वहिनी, तीन वेळा नाव असलेली आपण. तसं असेल तर ते नाव फलकावर कसं लावायचं? बोळातल्या टाकीवर लागलं तरी चालेल, पण हे?

शिडी आली. ती सवयीनं चढायला लागली, तशी ताईंनी दंड धरून मागे ओढलं.

"उतर. स्वतःचं नाव स्वतः लावतात का? मी लावते."

"ताई, तुम्ही हरलात. तुम्ही शिडी धरायची."

"मग तू धर. आज रीत उलटी. हे कसं लावायचं ते सांग."

"आधी साबणाचं पाणी फवारा. म्हणजे सरकवता येतं. कोरड्यावर टेकवलं की संपलं, तिथेच बसतं. आणि पेन्सिलीच्या रेघेवर—"

"कळलं गं." ताई वर चढल्या. पाठचा कागद सोलला, नाव दोन्ही हातांत ताणून धरलं. पाण्याची बाटली चौकटीवर तशीच राहिली.

अक्षरवालीनं शिडी घट्ट धरली. आता नाही तर कधीच नाही.

"ताई," ती हळूच म्हणाली, "खरंच लागला होता का हो? की तुम्ही मला सोडला?"

ताई गर्रकन वळल्या. "काय?"

"म्हणजे... माझ्यासाठी..."

"मी? तुला? गुण सोडीन?" ताईंचा आवाज पार दारापर्यंत गेला. "अगं, शेवटची ओळ होती ती! तीन रात्री मला झोप नाही! जाळीत मारलेला तो चेंडू अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि ही मला विचारते, सोडला का! लागला म्हणून सांगितलं. नसता लागला तर तुला घाम फोडला असता मी! सोडला म्हणे!"

शेवटच्या शब्दाला त्यांचा हात दणकन फलकावर बसला.

ताईंनी हळूहळू तळवा उचलला. नाव लागलं होतं. कोरड्या लाकडावर, पक्कं. डावीकडून निघून उजवीकडे चांगलं बोटभर वर चढलेलं.

"अरे देवा," ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "वहिनी... निघेल ना गं हे?"

"निघेल की. गरम हवा दिली की सुटेल. उद्या दुसरं कापता येईल."

सेक्रेटरी पुढे आले. "उद्या सकाळीच घेऊ करून. जुना फलक आहे, शोभा जाते."

अक्षरवालीनं मान वर करून पाहिलं. वरची सगळी नावं पट्टी धरून लावल्यासारखी सरळ, तिच्याच हातची. आणि तळाशी तिचं स्वतःचं, भांडत भांडत जिना चढणाऱ्या माणसासारखं. दया करणाऱ्याचा हात असा बसत नाही. आतलं कुसळ कधी निघून गेलं तिला कळलंही नाही. पोटातून हसू उसळत वर आलं आणि आवरेना.

"हात लावायचा नाही कुणी," ती म्हणाली.

"अगं पण तिरकं आहे!" नवरा ओरडला. "लोक म्हणतील, यांचंच दुकान आणि—"

"म्हणू देत. ताई, चिकट कागद तेवढा काढा वरचा. सावकाश, कोपऱ्यातून."

ताईंनी जीभ दातांत धरून कागद ओढला. एक एक सोनेरी अक्षर उघडं पडत गेलं, आणि खाली शिडी धरून उभी असलेली अक्षरवाली आपलं नाव मोठ्यानं वाचत गेली.